नकाशाकडून मॉडेलकडे : वास्तुविशारद नवे तंत्र केव्हा स्वीकारतात?

इमारत उभी राहण्याआधी तिचा नकाशा काढावा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नकाशा या शब्दाचा अर्थ गेल्या काही दशकांत दोनदा बदलला. आधी तो कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आला. आता तो नकाशाच राहिलेला नाही. त्याची जागा इमारतीच्या संपूर्ण माहितीने भरलेले त्रिमितीय मॉडेल घेऊ लागले आहे. या पद्धतीला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' अर्थात 'बीआयएम' म्हणतात. नागपूरची मेट्रो याच पद्धतीने उभारली गेली. लहान शहरांतील घरे, दुकाने आणि शाळा यांची बहुतेक कामे मात्र आजही सपाट नकाशांवर चालतात. एकाच राज्यात, एकाच व्यवसायात हे अंतर का पडते, याचे उत्तर केवळ 'मागासलेपण' या शब्दाने मिळत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न तपासला, तर त्यामागचे घटक अधिक स्पष्टपणे दिसतात.

रेघ आणि भिंत यांतील फरक

नेहमीच्या संगणकीय नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती भिंत आहे हे पाहणाऱ्याला कळते, संगणकाला कळत नाही. बीआयएममध्ये मात्र भिंत ही भिंत म्हणूनच नोंदवली जाते. तिची जाडी, उंची, विटांचा प्रकार, गिलावा आणि तिच्यात बसवलेली खिडकी ही सारी माहिती तिच्यासोबत राहते. खिडकी एक फूट सरकवली की तळनकाशा, दर्शनी चित्र, छेद आणि खिडक्यांचा तक्ता या सर्वांत तो बदल आपोआप उतरतो. तुळईतून सांडपाण्याचा पाइप जात असेल तर ती चूक बांधकामाआधीच पडद्यावर दिसते. विटा, सिमेंट आणि फरशी यांची परिमाणेही मॉडेलमधूनच काढता येतात. मॉडेलला कामाचे वेळापत्रक जोडले तर त्याला चौथी मिती आणि खर्च जोडला तर पाचवी मिती म्हणण्याचा प्रघात आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यासच इमारतीचे संगणकीय वर्णन करणारी प्रणाली मांडली होती. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीचे 'आर्किकॅड' १९८४ मध्ये आले. आज सर्वाधिक परिचित असलेले 'रेव्हिट' २००० मध्ये बाजारात आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते विकत घेतले. म्हणजे तंत्र उपलब्ध होऊन बराच काळ लोटला आहे. जे उशिरा घडते आहे, ते त्याचे स्वीकारणे.

फायदा कोणाचा, श्रम कोणाचे?

नवे तंत्र लोक का स्वीकारतात याचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये फ्रेड डेव्हिस यांचे १९८९ चे विवेचन विशेष गाजले. तंत्र उपयुक्त वाटते का आणि ते वापरायला सोपे वाटते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर माणसाचा निर्णय ठरतो, असे त्याचे सार आहे. त्याआधी एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसाराचा सिद्धांत मांडताना आणखी एक मुद्दा दाखवला होता. नवी गोष्ट जुन्या सवयींशी जुळणारी असेल, थोड्या प्रमाणात करून पाहता येत असेल आणि तिचे फळ इतरांना दिसत असेल, तर ती लवकर पसरते.

बीआयएम या कसोट्यांवर कोठे अडते? पहिली अडचण श्रम आणि लाभ यांच्या वाटणीची आहे. मॉडेल तयार करण्याचे कष्ट वास्तुविशारदाला पडतात. त्यातून होणारी बचत मात्र मुख्यतः मालकाची, कंत्राटदाराची आणि पुढे इमारतीची देखभाल करणाऱ्याची असते. तोडफोड टळली तर पैसा मालकाचा वाचतो. मोजमाप अचूक निघाले तर कंत्राटदाराचे अंदाजपत्रक सुधारते. ज्याने अधिक तास काम केले त्याच्या शुल्कात मात्र वाढ होत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. जुन्या पद्धतीत सर्वाधिक काम बांधकामाचे तपशीलवार नकाशे काढताना पडत असे. मॉडेल करायचे तर भिंतीची जाडी, छताची उंची आणि नळांच्या जागा असे अनेक निर्णय सुरुवातीलाच घ्यावे लागतात. अमेरिकी वास्तुविशारद पॅट्रिक मॅक्लिमी यांनी २००४ च्या सुमारास एका आलेखातून हेच दाखवले होते : निर्णय जितका आधी, तितका बदलाचा खर्च कमी. हे तर्काला धरून असले, तरी आपल्याकडे मालकाकडून शुल्काचा मोठा हिस्सा पुढच्या टप्प्यांवर हाती येतो. काम आधी आणि पैसे नंतर, हा हिशेब मोठ्या संस्थेला पेलतो. दोन-तीन सहायकांवर चालणाऱ्या कार्यालयाला तो जड जातो.

त्यातच लहान गावात ग्राहकाला पर्याय असतात. वास्तुविशारद कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली वास्तुकला परिषद स्थापन झाली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हा कायदा 'वास्तुविशारद' ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरती राखतो. इमारतीचा आराखडा करण्याचे काम तो इतरांना बंद करीत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावी घर बांधणाऱ्याला परवानाधारक अभियंत्याकडूनही नकाशा मिळतो. मॉडेलच्या नावाखाली शुल्क वाढवले तर ग्राहक दुसऱ्या दारी जाईल, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही.

खर्चाचा डोंगर

सॉफ्टवेअरची किंमत हा सर्वाधिक बोलला जाणारा अडसर आहे. पूर्वी एकदा परवाना घेतला की तो कायमचा मिळत असे. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबवली आणि ठरावीक मुदतीच्या वर्गणीची पद्धत रूढ केली. या वर्गणीचा भार मोठ्यांनाही जाणवतो. २०२० मध्ये ब्रिटनमधील काही नामवंत वास्तुरचना संस्थांनी एकत्र येऊन वाढता खर्च आणि सुधारणांचा मंद वेग याबद्दल या कंपनीला जाहीर पत्र लिहिले होते. लंडनच्या संस्थांची ही स्थिती, तर शहाद्यातील किंवा तळोद्यातील एकट्या व्यावसायिकाची काय असेल, याची कल्पना करता येते.

सॉफ्टवेअरबरोबर अधिक शक्तीचा संगणक लागतो आणि अखंड वीज लागते. इंटरनेटही भरवशाचे हवे. सर्वांत मोठा खर्च मात्र दिसत नाही. तो शिकण्याच्या काळातला असतो. जुन्या पद्धतीत दोन दिवसांत होणारे काम नव्या पद्धतीत आरंभी आठवडा घेते. या काळात हातातली कामे थांबवता येत नाहीत. म्हणून अनेकजण 'पुढच्या प्रकल्पापासून' असे ठरवतात, आणि तो पुढचा प्रकल्प पुढेच सरकत राहतो.

मागणी आली की बदल येतो

जगभरचा अनुभव सांगतो की हा अडथळा बहुधा मागणीमुळे दूर झाला. ब्रिटनच्या सरकारने २०११ मध्ये धोरण जाहीर केले आणि २०१६ पासून केंद्र शासनाच्या बांधकामांना बीआयएम आवश्यक केले. सिंगापूरने परवानगीच्या प्रक्रियेतूनच सुरुवात केली. २०१३ मध्ये २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींचे मॉडेल मागितले गेले आणि २०१५ पर्यंत ही मर्यादा ५ हजार चौरस मीटरवर आणली गेली. आधी मोठ्यांना, मग मध्यमांना, असा हा क्रम होता. लहानांना तयारीसाठी वेळ मिळाला.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे आहे. या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली, मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा प्रवाशांसाठी अंशतः खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो पूर्ण झाला. या प्रकल्पात पाचमितीय पद्धत सुरुवातीपासून अवलंबली गेली. नकाशे, वेळापत्रक आणि खर्च एकाच व्यवस्थेत आणले गेले. येथे सल्लागारांना आणि कंत्राटदारांना 'हे तंत्र आवडते का' असे विचारले गेले नाही. काम हवे असेल तर मॉडेल द्यावे लागेल, हे मालकाने ठरवले होते. मागणी करणारा एकच होता आणि लाभही त्याचाच होता. त्यामुळे श्रम आणि लाभ यांच्यातील वर सांगितलेली दरी येथे करारानेच बुजवली गेली.

परवानगीचे दार

खासगी इमारतींच्या बाबतीत असा बलवान मालक क्वचितच असतो. तेथे नियम करणारे शासन हीच समान कडी असते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. चटईक्षेत्र, सामासिक अंतरे, वाहनतळ यांचे नियम त्यामुळे बहुतांशी एकसारखे झाले. बांधकाम परवानगीही संगणकीय प्रणालीतून देण्याची व्यवस्था झाली. पुण्यात विकसित झालेल्या 'ऑटोडीसीआर'सारख्या आज्ञावलीने हे काम त्याआधीच अनेक महापालिकांत सुरू केले होते.

या व्यवस्थेचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ठरावीक थरांत आणि ठरावीक रंगांत काढलेला संगणकीय नकाशा सादर करणे आवश्यक झाल्यावर हाताने नकाशे काढणाऱ्यांनाही संगणकाकडे वळावे लागले. परिपत्रके आणि कार्यशाळा यांनी जे साधले नसते, ते एका अर्जाच्या नमुन्याने साधले. परंतु हाच नमुना आता पुढच्या बदलाच्या आड येतो. प्रणालीला सपाट नकाशा हवा असतो. मॉडेल तयार असले तरी त्यातून पुन्हा नकाशा काढून तो नियमांनुसार रंगवावा लागतो. म्हणजे मॉडेल करणाऱ्याचे काम दुप्पट होते. दाराची चौकट बदलली नाही, तर आत येणाऱ्याला वाकूनच यावे लागते.

साखळीतील इतर कड्या

वास्तुविशारद एकटा इमारत उभी करीत नाही. संरचना अभियंता, वीज आणि नळजोडणी यांचे तज्ज्ञ, कंत्राटदार, मुकादम आणि गवंडी ही साखळी असते. बीआयएमचा खरा लाभ या सर्वांनी एकच मॉडेल वापरले तर होतो. अभियंता सपाट नकाशा मागत असेल आणि मिस्त्रीला कागदावरची मापे हवी असतील, तर मॉडेल कार्यालयातच अडकते. दूरध्वनीचा उपयोग दुसऱ्याकडेही तो असेल तरच, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे पहिला स्वीकारणारा नेहमीच तोट्यात असतो.

शासकीय कामांत आणखी एक पेच असतो. तेथील अंदाजपत्रक दरसूचीतील बाबींनुसार मांडले जाते आणि झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तकात होते. मॉडेल भिंतीचे घनफळ देते, पण दरसूचीत वीटकाम, गिलावा आणि रंग या वेगवेगळ्या बाबी असतात. मजल्यानुसार दरही बदलू शकतात. मॉडेलमधील घटक आणि दरसूचीतील बाबी यांची सांगड एकदा व्यवस्थित घातली, तर परिमाणांचे काम कितीतरी सोपे होईल. ती सांगड प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्रपणे घालायची म्हटली, तर कोणीच घालणार नाही.

शिक्षणाची बाजूही महत्त्वाची आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ही सॉफ्टवेअर शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात. व्यवसायात पाऊल टाकताच शुल्क सुरू होते. परदेशातील इमारतींची मॉडेल तयार करून देणाऱ्या अनेक कंपन्या पुणे-मुंबईत आहेत. कुशल तरुण साहजिकच तिकडे ओढले जातात. परिणामी दूर देशातील रुग्णालयाचे मॉडेल महाराष्ट्रात तयार होते आणि महाराष्ट्रातील तालुक्याच्या रुग्णालयासाठी ते करणारा माणूस तालुक्यात सापडत नाही.

नंदुरबारचे चित्र

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार असून तिच्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. शहरांत राहणारे लोक सुमारे १७ टक्केच आहेत. खासगी बांधकामाचा बाजार प्रामुख्याने नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या नगरपरिषदांच्या गावांत आहे, आणि त्यातही एक-दोन मजली घरे व दुकानांच्या इमारती अधिक. अशा घरात पाइप आणि तुळई यांची टक्कर झालीच, तर मिस्त्री ती जागेवरच सोडवतो. मॉडेलची उपयुक्तता येथे सहज पटत नाही, आणि ते अज्ञानामुळे नाही. इमारतीचा आकारच तसा आहे.

सातपुड्याच्या डोंगरांतील पारंपरिक घरांची गोष्ट आणखी निराळी. लाकडी खांब, बांबूच्या कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंती आणि वर कौले, अशी ही रचना असते. सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या तयार घटकांच्या संग्रहात काचेच्या तावदानांचे शेकडो प्रकार असतात, कुडाची भिंत नसते. ती ज्याची त्याने घडवावी लागते. पडद्यावरची भाषा इंग्रजी असते, तर कामावरची बोली पावरी, भिली, अहिराणी किंवा गुजराती असते. डेव्हिस यांनी सांगितलेली 'सुलभता' येथे शब्दशः भाषेचा प्रश्न होते.

मग या जिल्ह्याला मॉडेलची गरजच नाही काय? तसे म्हणणे चुकीचे ठरेल. जिल्ह्यातील महत्त्वाची बांधकामे खासगी नसून सार्वजनिक आहेत : आश्रमशाळा, वसतिगृहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये. नंदुरबारमध्ये २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचा समावेश झाल्यापासून आरोग्य आणि शिक्षण यांवर विशेष लक्ष आहे. या इमारतींची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक, त्यांचे आराखडे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा वापरले जातात. दोन, त्या दुर्गम ठिकाणी उभ्या राहतात. धडगाव परिसरातील घाटरस्त्याने साहित्य न्यायचे असेल आणि पावसाळ्यात काम थांबत असेल, तर नकाशातील एका चुकीची किंमत शहरापेक्षा कितीतरी अधिक असते. चुकीच्या जागी टाकलेला पाइप बदलण्यात एक हंगाम जाऊ शकतो. तो हंगाम ज्यांचा जातो ती वसतिगृहाची वाट पाहणारी मुले किंवा प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रिया असतात.

एकच आश्रमशाळा दहा ठिकाणी बांधायची असेल तर मॉडेलचा खर्च दहांत विभागला जातो. प्रत्येक ठिकाणचा उतार, माती, वाऱ्याची दिशा आणि ऊन यांनुसार त्याच मॉडेलमध्ये फेरफार करता येतात. पुढे छप्पर गळू लागले किंवा विजेची तार जळाली, तर ती कोठून जाते याची नोंद हाती असते. खासगी बंगल्याला जे तंत्र परवडत नाही, ते शासकीय वसतिगृहाला परवडते. स्वीकाराचा क्रम येथे शहराकडून खेड्याकडे न जाता सार्वजनिक कामाकडून खासगी कामाकडे जाऊ शकतो.

याच जिल्ह्याने असा एक अनुभव पूर्वी घेतला आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. महानगरांच्या आधी ते तंत्र या खेड्यात पोहोचले, कारण शासनाने तसे ठरवले होते. मात्र क्रमांक मिळणे आणि त्याचा रोजच्या जगण्यात उपयोग होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही त्यानंतरच्या वर्षांत दिसून आले. सॉफ्टवेअरचे परवाने वाटणे आणि इमारती खरोखर मॉडेलवरून बांधल्या जाणे यांतही तेवढेच अंतर आहे.

बदलाची गुरुकिल्ली

या साऱ्या घटकांचा एकत्र विचार केला तर वास्तुविशारदाची आवड-नावड हा त्यातील दुय्यम घटक ठरतो. मॉडेल मागणारा कोणी आहे का, त्याचे पैसे वेगळे मिळतात का, परवानगी देणारी यंत्रणा ते स्वीकारते का आणि पुढचा माणूस ते वाचू शकतो का, या प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तेथे हे तंत्र रुजले आहे. उत्तरे 'नाही' असतील तेथे प्रशिक्षण शिबिरे भरवूनही ते रुजत नाही.

उपाय अवघड आहेत असे नाही. प्रमाणित शासकीय इमारतींची मॉडेल एकदाच तयार करून ती स्थानिक व्यावसायिकांना खुली केली, तर लहान कार्यालयाला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. मॉडेलची देवाणघेवाण करण्यासाठी 'आयएफसी' हा खुला आंतरराष्ट्रीय नमुना उपलब्ध आहे आणि तो वाचणारी 'फ्रीकॅड'सारखी विनामूल्य सॉफ्टवेअरही आहेत. त्यामुळे कोणत्याही एका कंपनीची वर्गणी ही पूर्वअट राहत नाही. दरसूची मॉडेलशी जोडण्याचे काम राज्य पातळीवर एकदाच होऊ शकते. करारात मॉडेलसाठी स्वतंत्र शुल्क धरले, तर श्रम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेल. कुडाच्या भिंतीपासून कौलारू छपरापर्यंतचे स्थानिक घटक तयार करण्याचे काम वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून करू शकतात.

नागपूरमध्ये मॉडेल आले ते मालकाला त्याची गरज होती म्हणून. नंदुरबारमध्ये सर्वांत मोठा मालक शासन आहे. त्याने आपल्या शाळांसाठी आणि रुग्णालयांसाठी मॉडेल मागितले, त्याचे मोल दिले आणि ते वाचणारी माणसे तालुक्यात तयार केली, तर शहादा-तळोद्यातील वास्तुविशारदाला ते शिकण्याचे कारण मिळेल. तोपर्यंत तो सपाट नकाशाच काढीत राहील, आणि आजच्या व्यवस्थेत त्याचे ते वागणे व्यवहाराला धरूनच असेल.